जुन्या गाडीचे हीटरचे पाइप: कसे तपासायचे आणि घरी कसे बदलायचे

पुण्यात गाडीचा हीटर लावतो कोण? डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा सिंहगडाकडे निघालेली मंडळी दहा-पंधरा मिनिटं तो लिव्हर लाल बाजूला सरकवतात. एरवी वर्षभर तो निळ्या टोकालाच असतो. त्यामुळे हीटरकडे जाणारे दोन रबरी पाइप कुणाच्या लक्षातच राहत नाहीत. सर्व्हिसिंगला ऑइल बदललं जातं, ब्रेक उघडून बघतात, रेडिएटरचे वरचे-खालचे जाड पाइपही मेकॅनिक हाताने दाबतो. इंजिनाच्या मागच्या अंगाला, केबिनच्या पत्र्याशी लपलेले हे अंगठ्याएवढे पाइप मात्र गाडी शोरूममधून निघाली तेव्हाचेच असतात.

माझ्या २००१ सालच्या मारुती झेनचेही तसेच होते. मे महिन्यात सातारला जाताना खंबाटकी घाट चढत होतो. आधी गोडसर वास आला, मग समोरच्या काचेवर आतून पुसट धुकं धरलं. तापमानाचा काटा वर गेला आणि थोड्या वेळाने आपोआप खाली आला. काटा खाली आला म्हणजे इंजिन थंड झालं असं समजून मी आणखी किलोमीटरभर गाडी दामटली. प्रत्यक्षात पाइप फुटून सगळं पाणी रस्त्यावर सांडलं होतं आणि तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडला होता. हा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कोरड्या जागेत तो खोटा थंडपणा दाखवतो. त्या एका किलोमीटरमध्ये हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं धातूचं झाकण, वाकलं. हेड उतरवणं, फेसिंग (वाकलेली बाजू घासून सपाट करणं), नवी गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पातळ चकती), आठ दिवस गाडी गॅरेजमध्ये. हे सगळं काही शे रुपयांच्या पाइपापायी. त्याआधी दोन महिने मी ज्या गॅरेजमध्ये जात होतो तिथे दर वेळी नुसतं पाणी भरून मिळत होतं, “जुनी गाडी आहे साहेब, थोडं पाणी पिणारच.” चांगली गाडी पाणी पीत नाही. पातळी उतरत असेल तर ते पाणी कुठून तरी जातंय, आणि ती जागा शोधायलाच हवी.

पंधरा वर्षं उलटून पुन्हा पासिंग करून घेतलेल्या, मनापासून सांभाळलेल्या गाड्या आपल्याकडे खूप आहेत. हा लेख त्या गाड्यांच्या मालकांसाठी आहे.

पाणी फिरतं कसं

पंप इंजिनात पाणी, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा कूलंट, ढकलतो. इंजिनात तापलेलं बहुतेक पाणी थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर उघडणारी झडप, उघडल्यावर रेडिएटरकडे जातं. त्यातली एक छोटी वाट वेगळी फुटते: हेडजवळून किंवा इनटेक मॅनिफोल्डजवळून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांजवळून) एक पाइप निघतो, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत शिरतो आणि डॅशबोर्डच्या पोटात बसवलेल्या छोट्या रेडिएटरमध्ये, म्हणजे हीटर कोअरमध्ये जातो. तिथून दुसरा पाइप बाहेर येऊन पंपाच्या शोषणाच्या बाजूला मिळतो. कोअरवरून ब्लोअरची हवा गेली की केबिनमध्ये उबदार वारा येतो.

काही गाड्यांत या वाटेवर केबलने चालणारा व्हॉल्व्ह असतो. लिव्हर निळ्या बाजूला असला की तो बंद. पण पाणी थांबलं तरी व्हॉल्व्हपर्यंतच्या पाइपावर दाब इंजिनाइतकाच असतो आणि इंजिनाची उष्णताही त्याला सोसावी लागते. काही गाड्यांत तर असा व्हॉल्व्हच नसतो, फक्त हवेची झडप फिरते. म्हणजे पाणी बाराही महिने त्या पाइपांतून वाहत असतं. तुम्ही हीटर एकदाही लावला नसेल तरी हे पाइप रोज पूर्ण काम करत असतात. भर मे महिन्यात ते फुटतात तेही म्हणूनच.

दाबाचा अंदाज यावा म्हणून थोडे आकडे देतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. बऱ्याच लहान गाड्यांच्या रेडिएटरच्या टोपीवर ०.९ असा आकडा असतो. वातावरणाच्या दाबापेक्षा ०.९ बार जास्त दाब ही टोपी धरून ठेवते. या दाबाखाली तेच पाणी ११५ अंशांच्याही पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. पाइप फुटला की दाब एका क्षणात जातो आणि शंभरीच्या पुढे तापलेलं पाणी जागच्या जागी उकळून त्याची वाफ व्हायला लागते. गरम इंजिनावर टोपी उघडली तर हेच तुमच्या तोंडावर आणि हातांवर होतं. म्हणून पुढचं प्रत्येक काम पूर्ण थंड गाडीवरच करायचं. रात्री उभी केलेली गाडी सकाळी बघणं सर्वांत चांगलं. ते जमत नसेल तर निदान दोन-तीन तास थांबा आणि टोपीवर हात ठेवून खात्री करा.

गळती कुठली, ते आधी ठरवा

पातळी कमी होणं हे पहिलं लक्षण. सलग चार सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, कूलंटच्या बाटलीवर स्केचपेनने रेघ मारा. रेघ खाली सरकत असेल तर शोध सुरू करा. बाटली भरलेली दिसली तरी थंड गाडीवर रेडिएटरची टोपी एकदा उघडून बघाच. टोपीचा रबर खराब असेल तर पाणी बाटलीतून परत ओढलंच जात नाही, आणि बाटली भरलेली असून रेडिएटर अर्धा रिकामा असतो.

गाडीखालचं ओलं काही बोटाने टिपून बघा. एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याला वास नसतो आणि ते डाव्या सीटच्या पुढे पत्र्याखाली ठिबकतं. पुण्यातल्या पावसाळी दमट हवेत ते भरपूर पडतं. ते बघून घाबरून जाऊ नका. कूलंट बोटाला किंचित बुळबुळीत लागतो, हिरवा, गुलाबी किंवा निळसर दिसतो आणि गोडसर वास येतो. तो चाखून मात्र कधीही बघू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं.

हीटरच्या पाइपाची गळती पुष्कळदा जमिनीपर्यंत पोचतच नाही. थेंब गरम इंजिनावर पडतो आणि तिथेच सुकतो. त्यामुळे टॉर्च घेऊन पाइपाची टोकं आणि क्लिपांच्या कडा बघा. पांढरट, हिरवट किंवा गंजाच्या रंगाची खपली धरलेली असेल तर तिथून पाणी झिरपतंय. मागच्या बाजूला नजर पोचत नसेल तर मोबाइलचा कॅमेरा आत घालून व्हिडिओ काढा. ही सवय मला फार उपयोगी पडली आहे.

वास केबिनच्या आत येतो, काचेवर पुसता न जाणारा तेलकट थर बसतो आणि डाव्या बाजूची मॅट खालून ओली लागते, अशी तिन्ही लक्षणं असतील तर दोष बहुधा पाइपात नसून हीटर कोअरमध्ये आहे. ते काम वेगळं आणि मोठं आहे. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. सायलेन्सरमधून गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येणं, ऑइलच्या टोपीखाली दुधाळ चिकटा दिसणं, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणं, ही लक्षणं हेड गॅस्केटची. तिथे पाइप बदलून काहीही साधणार नाही.

हाताने परीक्षा

थंड इंजिनावर पाइप मधोमध दोन बोटांत दाबा. चांगला पाइप थोडा जोर लावल्यावर दबतो आणि सोडताच मूळ आकारात येतो. दाबताना आतून करकर जाणवली किंवा वरच्या सालीवर बारीक भेगा उघडल्या, तर रबर कडक होऊन वाळला आहे. दाबल्यावर तसाच चेपून राहिला, फुगीर किंवा चिकट लागला, तर त्यावर ऑइल पडतंय. हे पाइप बहुधा ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. हे रबर उष्णता आणि कूलंट उत्तम सोसतं, पण खनिज तेलाने फुगतं आणि कुजतं. वरून टॅपेट कव्हरची (हेडवरच्या झाकणाची) गॅस्केट गळत असेल तर ती आधी बदला, नाहीतर नवा पाइपही वर्षा-दोन वर्षांत तसाच होईल.

यापुढची परीक्षा फार थोडे लोक करतात आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. पाइप क्लिपेच्या अगदी जवळ, पाच सेंटिमीटरच्या आत, दाबून बघा आणि मधल्या भागाशी तुलना करा. टोकाजवळ तो मधल्यापेक्षा मऊ, पोकळ लागत असेल किंवा आत उभ्या चिरा बोटांना जाणवत असतील, तर पाइप आतून गेला आहे. बाहेरून तो नव्यासारखा काळाभोर दिसत असेल तरीही. इंजिनाचा धातू, कूलंट आणि रबर मिळून एक कमजोर बॅटरी तयार होते, आणि तिच्या प्रवाहाने रबराला आतून, टोकांच्या जवळ, बारीक उभ्या चिरा पडत जातात. त्या चिरांतून कूलंट रबराच्या थरांत विणलेल्या धाग्यांपर्यंत पोचतो, धागे कुजतात आणि एके दिवशी घाटात पाइप उभा फाटतो. माझा असाच फाटला होता. वरून त्यावर एकही भेग नव्हती.

घरी डिजिटल मल्टिमीटर असेल तर आणखी एक गोष्ट बघता येते. काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि लाल तारेचं टोक उघड्या रेडिएटरच्या पाण्यात बुडवा. धातूला टेकवू नका. इंजिन थंड असतानाच सुरू करा, दिवे आणि ब्लोअर लावा. मीटर ०.३ व्होल्टच्या पुढे गेला तर कूलंट जुना झाला आहे किंवा इंजिनाची अर्थिंगची तार सैल, गंजलेली आहे. हे न बघता पाइप बदलले तर तेही आतून चिरत जातील.

पार्किंगमधले उंदीर-घुशी हेही पुण्यातलं एक नेहमीचं कारण. पावसाळ्यात ते उबेला बोनेटखाली येतात. पाइपावर दातांच्या खुणा असतील तर गळती नसली तरी पाइप बदला.

शेवटी गाडी गरम करून, लिव्हर पूर्ण लाल बाजूला ठेवून, दोन्ही पाइपांना बोट लावून बघा. पंखा आणि बेल्ट यांपासून बाही आणि हात लांब ठेवा. दोन्ही जवळजवळ सारखेच गरम असतील तर पाणी नीट फिरतंय. एक चटका देतो आणि दुसरा कोमट असेल, तर व्हॉल्व्ह उघडत नाही, आत हवा अडकली आहे किंवा कोअर क्षारांनी चोंदला आहे. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी वर्षानुवर्षं भरलेल्या गाड्यांत कोअर चोंदलेला मी अनेकदा पाहिला आहे.

खरेदी

एक पाइप खराब निघाला तर दोन्ही बदला. दोघांनी सारखीच उष्णता आणि सारखीच वर्षं काढलेली असतात.

तुमच्या गाडीचे पाइप साच्यात वाकवलेले असतील तर गाडीच्या मॉडेलचे तयार पाइपच घ्या. सरळ पाइपाला जबरदस्तीने वळण दिलं तर तो मुडपतो आणि पाणी अडतं. वळण मोठं आणि सैल असेल तर मीटरवर मिळणारा सरळ हीटर होज चालतो. माप नेहमी आतल्या व्यासाचं धरायचं. बऱ्याच लहान गाड्यांत ते १६ मिमी असतं, गॅरेजच्या भाषेत पाच सुती. पण जुना पाइप टोकाला ताणून सैल झालेला असतो, म्हणून तिथलं माप फसवतं. मधून कापून तिथे व्हर्निअर (व्यास मोजायचं साधन) लावा, किंवा धातूच्या नळीचं बाहेरचं माप घ्या. दोन टोकांची मापं वेगळी असू शकतात, हेही बघा.

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत जाताना जुना पाइप सोबत न्या. काउंटरवर नुसतं “पाच सुती पाइप द्या” म्हटलं तर हातात काय पडेल सांगता येत नाही. “दादा, कूलंटचा हीटर होज हवा, आतून धागा विणलेला,” असं स्पष्ट सांगा आणि कापलेल्या टोकात धाग्याची जाळी दिसते का ते स्वतः बघा. पाइपावर एसएई जे२० असं छापलेलं असेल तर तो याच कामासाठी बनवलेला आहे. पेट्रोलचा पाइप, गॅसचा पाइप, बागेतला पारदर्शक पाइप यांपैकी काहीही चालणार नाही, दिसायला कितीही जाड असो. घाटातल्या त्या प्रसंगानंतर तात्पुरता म्हणून कुणीतरी मला पेट्रोलचा पाइप जोडून दिला होता; तीन आठवड्यांत तो आतून सुजून अर्धा बंद झाला.

स्क्रूच्या क्लिपा नव्याच घ्या. बाहेरचा व्यास मोजून घ्या. १६ मिमीच्या पाइपाचा बाहेरचा व्यास साधारण २४-२५ मिमी भरतो, त्याला १६ ते २७ मिमीची स्टेनलेस क्लिप बसते. मूळच्या स्प्रिंगच्या क्लिपा गंजलेल्या नसतील आणि ताण धरत असतील तर त्या पुन्हा वापरायला हरकत नाही. गरम-थंड होताना रबर फुगतं-आकसतं तशी स्प्रिंग स्वतःला जुळवून घेते, हा तिचा मोठा गुण.

कूलंट मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकाराचाच घ्या. नुसत्या रंगावर विसंबू नका. रंग कंपनीगणिक बदलतात, आणि वेगळ्या रसायनांचे कूलंट मिसळले तर गाळ धरू शकतो. कॉन्संट्रेट असेल तर तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मा-निम्मा मिसळा. तयार मिश्रणाचा डबा असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं अजूनही ऐकू येतं. कूलंट गंज रोखतो, पंपाचं सील सांभाळतो आणि उकळण्याचा बिंदू वर नेतो. या तिन्हींची पुण्यात गरज आहे.

जुने पाइप काढणं

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, पहिल्या गिअरमध्ये उभी करा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. बऱ्याच गाड्यांचा रेडिएटरचा पंखा चावी काढल्यावरही फिरू शकतो. कशालाही हात लावण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. कुठला पाइप कुठे जातो, कुठल्या तारेच्या खालून जातो, क्लिपेचं तोंड कुठे आहे, हे दोन तासांनी आठवत नाही. पाइपांवर मास्किंग टेप लावून १ आणि २ लिहा.

हीटरचा लिव्हर पूर्ण लाल बाजूला न्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहील. रेडिएटरखाली पसरट घमेलं ठेवून टोपी उघडा आणि मग खालची चावी हळू सैल करा. जुन्या गाडीत ही प्लॅस्टिकची चावी तुटण्याची भीती असते. हाताने फिरत नसेल तर पकडीने जोर करू नका, रेडिएटरचा खालचा पाइप सैल करून पाणी काढा. कूलंट तसाही बदलायचा असेल तर सगळा काढा. लहान गाडीत तो साधारण चार लिटरच्या आसपास असतो. तो अलीकडेच बदललेला असेल तर हीटरच्या पाइपांच्या पातळीखाली जाईल इतकाच, म्हणजे दीड-दोन लिटर, स्वच्छ भांड्यात काढून ठेवा.

काढलेला कूलंट सोसायटीच्या गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. गोडसर चवीमुळे कुत्री-मांजरी तो पितात आणि मरतात. झाकणाच्या डब्यात भरून, डब्यावर ठळक लिहून, जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या. सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा.

आता सगळ्यात नाजूक काम. क्लिपा सैल करून पाइपावर मागे सरकवा. इंजिनाकडचं टोक थोडं पिळून, हलवून निघतं. पत्र्यातून बाहेर आलेल्या हीटर कोअरच्या नळ्यांवर मात्र ही जबरदस्ती अजिबात करू नका. त्या पातळ तांब्याच्या, पितळेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या असतात आणि आत कोअरला झाळलेल्या असतात. वीस वर्षं चिकटून बसलेला पाइप पकडीने पिळला की रबराऐवजी नळीचा सांधा निखळतो, आणि तासाभराचं काम तीन दिवसांचं होतं. पाइप जाणारच आहे, तेव्हा तो वाचवायचा विचार सोडा. धारदार कटरने टोकापासून तीन-चार सेंटिमीटर उभा चीर द्या. पातं धातूला घासू नये म्हणून ते तिरकं धरा आणि एका दमात खोल न कापता दोन-तीन हलक्या फेऱ्यांत कापा. मग संत्र्याच्या सालीसारखा पाइप उलगडून काढा. यात घाई केली नाही तर बाकी सगळं सोपं आहे.

पाइप काढताना कोअरमधलं थोडं पाणी येतंच. खाली फडकं धरा. इलेक्ट्रिकल जोडण्यांवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवा.

काढलेला पाइप उभा चिरून आतून बघा. तो तुम्हाला गाडीची हकिगत सांगेल: टोकांजवळच्या उभ्या चिरा, तपकिरी गाळ, तेलाने सुजलेलं रबर. कारण हातात आलं की पुढचा पाइप जास्त टिकवता येतो.

नवे बसवणं

धातूच्या नळ्यांवर चिकटलेलं रबर आणि पांढरा क्षार बारीक पॉलिश पेपरने गोल-गोल घासून काढा. उभं घासलं तर त्या ओरखड्यांतूनच पाणी झिरपतं. नळीच्या आत भुसा पडू नये म्हणून कापडाचा बोळा घाला, आणि तो काढायचं विसरू नका. नळीवर खोल खड्डे पडले असतील तर क्लिप कितीही आवळली तरी गळती थांबणार नाही; ती नळी बदलावी लागेल.

जुन्या पाइपाच्या लांबीचा नवा पाइप काटकोनात, सरळ कापा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर हलतं, त्यामुळे पाइप ताणून बसता कामा नये. एक-दोन सेंटिमीटर जास्त ठेवलेलं बरं. दोन्ही क्लिपा आधीच पाइपावर ओवून ठेवा. टोक आतून कूलंटने किंवा साबणाच्या पाण्याने ओलं करा आणि ढकलत बसवा. ग्रीस किंवा ऑइल लावायचं नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे हे रबर तेल सोसत नाही. रबर फार कडक वाटलं तर टोक मिनिटभर गरम पाण्यात धरा. पाइप नळीच्या फुगीर कड्याच्या पुढे, तीन सेंटिमीटरच्या आसपास आत जायला हवा.

क्लिप कड्याच्या मागे आणि पाइपाच्या टोकापासून चार-पाच मिमी आत बसवा. कड्यावर बसवली तर ती घसरते, अगदी टोकावर बसवली तर रबर कापते. स्क्रूचं तोंड असं ठेवा की गाडीत असतानाही स्क्रू ड्रायव्हर किंवा पाना पोचेल. आवळताना रबर क्लिपेच्या कडेशी समान आलं की थांबा. क्लिपेच्या खाचांतून रबर वर यायला लागलं तर जास्त झालं. पुण्यातल्या मेकॅनिकांना “अजून एक आटा” देण्याची सवय असते. त्या एका आट्यानेच पाइप कापला जातो.

पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून, बेल्टपासून आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलपासून दूर आहे ना, पत्र्याच्या धारेवर घासत नाही ना, हे फोटोशी ताडून बघा. पत्र्याला टेकत असेल तर जुन्या पाइपाचा एक तुकडा उभा चिरून त्यावर कवचासारखा चढवा आणि टायने बांधा.

पाणी भरणं आणि हवा काढणं

या टप्प्यावर बहुतेक जण गडबडतात. हीटरची वाट लांब आणि अरुंद असते. तिच्यात हवा अडकली की नवे पाइप असूनही गाडी गरम होते.

शक्य असेल तर गाडीचं तोंड थोडं चढाला करा. बेसमेंट पार्किंगचा रॅम्प चालतो, पण हँडब्रेकसोबत मागच्या चाकांना दगड लावल्याशिवाय गाडीजवळ काम करू नका. लिव्हर लाल बाजूलाच आहे का बघा, रेडिएटरची खालची चावी बंद केली का बघा. कूलंट रेडिएटरमध्ये बारीक धारेने ओता, मधेमधे थांबून वरचा जाड पाइप आणि हीटरचे पाइप हाताने दाबत राहा. बुडबुडे वर येतील, पातळी उतरेल, पुन्हा भरा. गाडीला हवा काढण्याचा स्क्रू असेल तर त्यातून अखंड धार येईपर्यंत तो उघडा ठेवा.

बॅटरीची तार जोडा, गाडी न्यूट्रलवर आणून, टोपी उघडीच ठेवून इंजिन सुरू करा, ब्लोअर मंद गतीवर लावा. आठ-दहा मिनिटांत थर्मोस्टॅट उघडेल, वरचा पाइप गरम होईल, पातळी एकदम खाली जाईल. तेव्हा हळूहळू भर घाला. पाणी तोंडातून वर उसळायला लागलं तर इंजिन बंद करून थांबा. पातळी स्थिर झाली की टोपी घट्ट लावा आणि रेडिएटरचा पंखा दोनदा आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवा. केबिनमध्ये सलग गरम वारा येत असेल तर कोअरमधून पाणी नीट फिरतंय. डॅशबोर्डच्या मागून पाण्याची खळखळ ऐकू आली किंवा वारा गरम-गार होत राहिला, तर हवा अजून आत आहे. गाडी पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा भरा.

पहिली फेरी घराजवळचीच मारा, अर्ध्या तासाची. लगेच कात्रजचा घाट गाठू नका. परत आल्यावर टॉर्चने चारही क्लिपा कोरड्या आहेत का बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीवर पातळी बघून भर घाला आणि स्क्रूच्या क्लिपा तपासा, सैल वाटल्या तर पाव आटा आवळा. नवं रबर पहिल्यांदा तापल्यावर थोडं बसतं. पुढचा आठवडाभर रोज सकाळी पातळी बघायची.

घाटात पाइप फुटलाच तर

वाफ, वास किंवा काट्याची विचित्र हालचाल दिसताच गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. काटा खाली आला म्हणून चालत राहू नका. तापलेल्या गाडीत हीटर पूर्ण लावण्याचा सल्ला सगळेच देतात आणि पाणी पुरेसं असेल तर तो उपयोगी आहे. पण हीटरचाच पाइप फुटला असेल तर त्याचा काही उपयोग नाही, उलट व्हॉल्व्ह उघडून गळती वाढते.

तासभर थांबून इंजिन थंड होऊ द्या. मग हीटर कोअर वाटेतून काढून टाका: इंजिनाच्या ज्या दोन नळ्यांना हीटरचे पाइप जोडलेले असतात त्या दोन्ही एकाच तुकड्याने एकमेकींना जोडा, मोठं वळण देऊन. फुटलेला पाइप टोकाजवळच फाटला असेल तर तेवढं टोक कापून उरलेला पाइपच यासाठी पुरतो. पाणी भरा, हवा काढा आणि सावकाश जवळच्या गावापर्यंत या. या अवस्थेत साधं पिण्याचं पाणीही चालेल. घरी आल्यावर ते काढून योग्य कूलंट भरायचा. उकळत्या इंजिनात मात्र गार पाणी एकदम ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

माझ्या डिकीत आता पाऊण मीटर हीटर होज, चार क्लिपा, स्क्रू ड्रायव्हर, कटर, टॉर्च आणि पाच लिटर पाणी कायम असतं. आणि पाइपांवर पांढऱ्या पेनने बसवल्याचा महिना आणि साल लिहिलेलं आहे. पाच वर्षं झाली की ते दिसायला कितीही चांगले असले तरी मी बदलतो.